गौराच्या नवरदेवाच्या शोधात

११ फेब्रुवारी, मंगळवार. जव्हार

गुडघ्यांना तेल चोळून झालं आहे, गाडीच्या साखळीलाही. उद्या निघायचं. मला कोणी जा म्हटलेलं नाही, उलट नकोच म्हणाले सगळे. पण आज सूर्यमाळला गौराच्या अंगणात जे ऐकलं, त्यानंतर घरी स्वस्थ बसवत नाही.

गौराच्या सपनाचं लग्न तेवीस तारखेला आहे. मुलगा नितीन, पोशेऱ्याचा, बोईसरला कारखान्यात आहे. सपना, गौराची लेक, वसतिगृहातल्या माझ्या शिवणवर्गातली. गौरा त्याच वसतिगृहात स्वयंपाकाला होती. वीसएक वर्षं आम्ही दोघी एकाच चुलीवरचा चहा प्यायलो. ती पहिल्या दिवसापासून मला 'तू' म्हणते. पाड्यावर सगळेच सगळ्यांना 'तू' म्हणतात, कलेक्टर आला तरी. सुरुवातीला मला ते खटकायचं. आता कोणी 'तुम्ही' म्हटलं की हा काहीतरी विकायला आलाय असं वाटतं.

गौरा आणि जिवा इतकी वर्षं एकत्र राहिले, तीन मुलं झाली, पण त्यांचं लग्न झालेलं नाही. यात इथं कोणाला वावगं वाटत नाही. मांडव आणि जेवण जमेल तेव्हा जमेल, संसार कशाला अडवून ठेवायचा? मी कॉन्व्हेंटमधून शिकून इथं आले तेव्हा हे ऐकून माझे कान लाल झाले होते. अट एवढीच, की ज्यांना स्वतःची हळद लागलेली नाही त्यांना लेकीच्या मांडवात आईबाप म्हणून बसता येत नाही. त्यामुळे पुष्कळदा आईबापांचं आणि लेकीचं लग्न एकाच मांडवात उरकतात. पांढऱ्या मिशांचे, नातवंड कडेवर घेतलेले नवरदेव मी इथं किती पाहिले.

पण गौराचा नवरदेवच बेपत्ता आहे. जिवा दिवाळीनंतर किनाऱ्याला जायचा, सातपाटीच्या बोटीवर खलाशी म्हणून. पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, घरी. गेले दोन पावसाळे तो आला नाही. शिमग्यालाही नाही. फोन बंद.

पाड्यातला जाणता माणूस तुका. तो आज सगळ्यांसमोर म्हणाला, "येल तर शनवारी हळद लावू. नाय आला तर शनवारीच त्याच्या नावानी पानी सोडू. मेला असा धरायचा. गौरा कुंकू पुसल, नि मामा बसल मांडवात. पोरीचा लगीन नाय अडायचा."

"आणि तो जिवंत असला तर?" मी विचारलं.

"जिता माणूस आवनीला घरी येतो, बाई."

जिवाचा भाऊ पंढरी काडीनं जमीन उकरत बसला होता. दिवाळीत तोच शोधायला गेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "नाय गवसला. तू पन नको जाव. खाली-पिली तरास."

"बाय ठेवली असल तिकडं," एक म्हातारी म्हणाली. "म्हावरा खाऊन टुमटुमीत झालेली."

बायका हसल्या. गौरा सुपात नागली पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. म्हणाली, "सोडा पानी. हंडाभर सोडा, हात आखडू नका. एकदा तरी पोटभर पील."

मी निघाले तेव्हा ती गाडीपर्यंत आली. "तू नको जास," म्हणाली. मी किल्ली फिरवली. मग म्हणाली, "त्याच्या डाव्या भिवईवर खूण हाय. लहानपनी मुसळ लागलेला." जिवाला मी वीस वर्षं ओळखते. तरी म्हटलं, बरं, लक्षात ठेवते.

१२ फेब्रुवारी, बुधवार. पालघर

विक्रमगड, मनोर करत उतरले. उतारावर मनगटं बधिर झाली. शिवणयंत्राचं डोकं मागे बांधून याच गाडीवर मी पाडोपाडी वर्ग घेत फिरले. तेव्हा ओझं मागे असायचं, आता अंगातच आहे. शिरपामाळाच्या वळणावर सहलीला आलेल्या मुलांनी थांबवून फोटो काढला. "आजी, सोलो ट्रिप?" म्हणाली. हो म्हटलं. नवरदेव शोधायला निघाले आहे असं सांगितलं असतं तर मुलं चक्रावली असती.

मनोरला महामार्ग ओलांडता येईना. शेवटी एका ट्रकच्या क्लीनरनं हात बाहेर काढून "चलो मावशी" म्हणत मला वाट करून दिली. लॉजवाल्यानं बरोबर कोण आहे ते पुन्हा पुन्हा विचारलं. अंग ठणकतंय. बादलीभर गरम पाणी मिळालं, तेवढ्यावर आजचा दिवस साजरा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार. सातपाटी

जिवा इथं नाही.

त्याच्या बोटीचा तांडेल, म्हणजे कप्तान, मंगेश सापडला. दारात जाळं पसरून बसला होता. जिवाचं नाव घेतल्याबरोबर उठून उभा राहिला. "तुम्ही त्याच्या कोण?" मी म्हटलं, घरची समजा. त्यावर त्यानं मला खुर्ची दिली, बायकोला हाक मारली, आणि पंखा माझ्याकडे वळवला.

"जिवा दोन वर्सं होत आली बोटीवर नाय," म्हणाला. "आम्ही काय कमी केला नाय त्याचा. औषधपानी, सगला केला. विचारा त्याला."

"तब्येत बिघडली होती?"

तो माझ्याकडे बघत राहिला. बायको म्हणाली, "बाय, चहा घे." मग मंगेश बोटीविषयीच बोलू लागला. जाळं ओढायची विंच होती ती त्यानं काढून विकून टाकली म्हणे. आता पोरं पुन्हा हातानं दोर ओढतात. मला ते आवडलं. यंत्रानं प्रत्येक गोष्ट सोपी होतेच असं नाही. मी पायाचं शिवणयंत्र कधी सोडलं नाही.

जिवा वरोरला सुक्या मासळीवर गेल्याचं त्याला कळलं होतं. निघताना बायकोनं सुक्या बोंबलांची भलीमोठी पिशवी गाडीला बांधली. मी नको नको म्हणत होते. "त्याच्या घरी द्या," मंगेश म्हणाला, "आणि त्याला सांगा... नाय, काय नको सांगू."

किती मायाळू माणसं. मोलाचं काम, असा तांडेल, नि हा गडी ते सोडून गेला. मला जिवाचा राग यायला लागला आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पंक्चर. भर उन्हात गाडी ढकलली. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. वरोर

खाडीला लांबून वळसा घालत, बोईसरचे टँकर चुकवत चिंचणीला आले, तिथून पुढे वरोर. समुद्र दिसतो, नाहीसा होतो, पुन्हा सुरूच्या झाडांमागून दिसतो. लहानपणी वाटायचं, किनाऱ्याकिनाऱ्यानं जात राहिलं तर थकायला होणारच नाही. आज पाठीचा कणा वेगळा काढून ठेवावासा वाटला.

वरोरला चंद्रकला नावाची बाई सुक्या बोंबलांचा व्यवहार बघते. आवाज असा की कावळेही दबकून असावेत. वाळूत बांबू रोवून दोऱ्या ताणलेल्या, त्यावर बोंबील टांगलेले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. बारक्या पोरी बोलता बोलता करत होत्या.

"जिवा ना? होता की," ती म्हणाली. "पण त्याला जोडी लावायला जमेना. दातात धरून बघितला बिचाऱ्यानी, तोंड सोलून घेतला. मी बोलली, ऱ्हावदे बाबा, तू कावळे हाकल."

मला हसू आलं. बोंबील दातात धरणारा नवरदेव!

"आणि कावळे तरी हाकलले का?"

"हाकलले. पण पोरी हसायच्या. एक दिवस न सांगता गेला. चिकूच्या वाडीवर गेला बोलतात, घोलवडला." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाली, "घरी सगला ठाऊक असंल ना तुमच्या?"

"त्याशिवाय का शोधतोय?" मी म्हटलं.

तिनं मान हलवली. "लई बरा माणूस. देव आंधला."

एक काम धड तडीला न्यायचं नाही. शाळेत मदर आग्नेस आम्हाला सुईत दोरा ओवायला लावायच्या आणि टाका संपेपर्यंत उठू द्यायच्या नाहीत. जिवाला आमच्या मदरांच्या हाताखाली ठेवायला हवं होतं.

गौराला फोन केला. म्हटलं, अजून नाही सापडला, पण माग लागलाय. "मी कय विचारला नाय," ती म्हणाली. पण फोन ठेवेना. मागे कोंबड्या ओरडत होत्या. शेवटी मीच ठेवला.

१६ फेब्रुवारी, रविवार. डहाणू

शाळेच्या अतिथिखोलीत आहे. माझी शाळा. फाटक तेच, आतला रायवळ आंबा गेला. प्रार्थनेनंतर सिस्टर तेरेझा भेटल्या. मी सातवीत असताना त्या नव्याने आलेल्या, गालावर मुरमं असलेल्या मुलगी-सिस्टर होत्या. आता काठी घेऊन चालतात आणि त्यांनी मला ओळखलं ते माझ्या हसण्यावरून.

"माणिक, तू अजून दुचाकीवरून भटकतेस?"

सायकलवरून समुद्रावर गेल्याबद्दल मला एकदा व्हरांड्यात उभं केलं होतं, दोन्ही हातांवर पुस्तकं ठेवून. हात खाली आला की पुन्हा वर. त्यांना आठवलं. "किती रडली होतीस," म्हणाल्या. मी म्हटलं, रडले नव्हते. "रडली होतीस. मी पाणी आणून दिलं होतं."

रात्रीच्या जेवणाला पातळ सूप आणि पाव. तीच चव. मी इथून गेले तेव्हा वाटलं होतं की एक-दोन वर्षं आदिवासी मुलींना शिवण शिकवीन आणि परत येईन. घरच्यांनी स्थळंही बघून ठेवली होती. मग एकेक वर्ष करत राहून गेले. त्याचं काही नाही. पण आज जेवणघरातल्या त्या जुन्या बाकावर बसल्यावर इतका थकवा आला की सिस्टरांनी दिवा लावेपर्यंत उठलेच नाही.

त्यांना कशासाठी निघाले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि त्याला यायचंच नसेल तर?" मी म्हटलं, मग तसं तोंडावर सांगू दे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. घोलवड

काल आराम केला. आज घोलवडच्या वाड्या पालथ्या घातल्या. चिकूच्या सावलीत गाडी चालवताना डोळे मिटतात, भलतं होईल एखाद्या दिवशी.

ज्या वाडीत जिवा राखणीला होता तिथला मुकादम जगन, मूळचा मोखाड्याकडचाच. म्हणून मोकळं बोलला. चिकूवर वटवाघळं आणि पोपट येतात, त्यांना भिववायला झाडांवर पत्र्याचे डबे बांधलेले असतात आणि सगळ्यांची दोरी खोपीत आणलेली असते. दोरी ओढली की डबे वाजतात.

"जिवानी दोरी पायाला बांधलेली," जगन म्हणाला. "पडल्या पडल्या पाय हालवायचा. डबे खनाखना."

मला राहवलं नाही. "आळशीपणाची हद्द आहे!"

जगननं चिकू पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "आळशी?" म्हणाला. मग चिकू टोपलीत ठेवला. "नाय बाई. आळशी नाय. शेठनी त्याला तोडनीवर जायला सांगितला. उंच काठी, तिला जाळी, फळ वरून उतरवायचा. जिवा बोलला, मना नाय जमायचा. शेठ बोलला, मंग कशाला ठेवू? गेला."

"कुठं?"

"झाईला. हद्दीवर. तिच्या पुढं गुजरात, तिकडं आपली भाषा नाय चालत, म्हनून थांबला असल."

बोट, मग कावळे, मग वटवाघळं. प्रत्येक गावाला आधीच्यापेक्षा हलकं काम. माणूस असा कसा उतरणीला लागतो? मला जगनच्या नजरेचा उगीच राग आला. दोन चिकू दिले त्यानं, खाल्ले नाहीत.

१९ फेब्रुवारी, बुधवार. झाई

सापडला.

लिहायला बसले आहे पण कुठून सुरू करू कळत नाही.

बंदरावरच्या बायकांना विचारलं. "झोळीवाला बाबा? तो काय तिथं." सुरूच्या झाडांत एक मांडवी होती, माडाच्या झावळ्यांची. तिच्या वाशांना पाच-सहा झोळ्या टांगलेल्या, साडीच्या, प्रत्येकीत एक बाळ. आया मासळी निवडायला गेलेल्या. सगळ्या झोळ्यांच्या दोऱ्या एकत्र करून एका माणसाच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेल्या, आणि तो पाय हलवत मान खाली घालून बसलेला. अंगात लांब बाह्यांचा सदरा. डाव्या भिवईवर खूण.

"जिवा," मी म्हटलं.

त्यानं आधी पाय थांबवला. एक बाळ रडायला लागलं. मग पुन्हा हलवायला लागला. "बाई, तू? गाडीवर आलीस?"

"शरम नाही वाटत?" मी तिथंच सुरू झाले. सगळं सुनावलं. दोन पावसाळे, सपनाचं लग्न, गौराला गावभर ऐकावं लागतंय ते, मंगेश तांडेलाचा चांगुलपणा, बोंबील, पायाला बांधलेली दोरी. तो ऐकत राहिला. माझं संपल्यावर त्यानं डाव्या हातानं उजवी बाही वर केली.

मनगटापासून पुढे काही नव्हतं. दोर विंचमध्ये गेला, दोरात हात.

मी खाली वाळूत बसले. मी आयुष्यभर मुलींचे हात बघत आले. कोण डावखुरी, कोणाचं बोट आखूड, मला पहिल्या दिवशी कळायचं. आणि इतक्या गावांत, इतक्या लोकांनी मला सांगितलं, आणि मी त्यांच्यावर हसले.

"पंढरीला ठाऊक हाय," जिवा म्हणाला. "मी त्याला शपथ घातली, मी गवसलो नाय असाच सांग."

"का?"

"आवनी कशी करू? कुऱ्हाड कशी धरू? घरी बसून बायकोच्या हातची भाकर खाऊ?" मग झोळीकडे बघत म्हणाला, "हितं पोरां सांभाळतो. ह्या बायकांचा काम करतो मी. पाड्यात बघितला तर पोरां टाळ्या पिटतील."

मी शनिवारचं सांगितलं, पाणी सोडायचं ठरलंय ते. मला वाटलं तो हादरेल. तो म्हणाला, "सोडू दे. बरा होयेल. तिची सुटका, माझी पन."

मी काय बोलणार? लग्न या विषयात मला अनुभव शून्य. मी फोन लावला, गौराला म्हटलं, आहे, बोल, आणि त्याच्या डाव्या हातात दिला. बाजूला जाऊन उभी राहिले, पण वारा माझ्याच बाजूला होता. मला फक्त त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"हां... हां, मीच... नाय गं, कोनी नाय... उजवा... मनगटाजून... नाय... नाय, आता नाय दुखत... थंडीत... डाव्यानी जेवतो... भात. भाकर तोडवत नाय..." मग, "ओरडू नको. पोरां उठतील."

त्यानं फोन परत दिला. चेहऱ्यावरून काही कळेना.

"काय म्हणाली?"

"बोलते, शनवारी सकाळी ये. शुक्करवारी नको."

"शुक्रवारी का नको?"

"ठाव नाय. बोलते, आधी आलास तर पाय मोडीन."

मलाही कळलं नाही. एक दिवस आधी पोचलो असतो तर मला घाटात सावकाश जाता आलं असतं. पण आज वाद घालायची ताकद नव्हती. तो येईन म्हणालेला नाही. नाहीही म्हणालेला नाही. आया आल्या, आपापली बाळं घेऊन गेल्या. एकीनं त्याच्या पायाच्या दोऱ्या सोडल्या, न विचारता, रोजचं असल्यासारखं.

२० फेब्रुवारी, गुरुवार. झाई

सकाळी मांडवीत गेले. तो दाढी करत होता. आरसा झाडाला टांगलेला, डाव्या हातात वस्तरा. गालावर कापलं होतं. "येतो," म्हणाला, "पन कुनी हसला तर उतरनार नाय गाडीवरून. तशीच फिरव."

बरं म्हटलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. जव्हार

तलासरीवरून, कासावरून चढत आलो. तो मागे एका हातानं कॅरिअर धरून बसला. चढावर मला भीती वाटत राहिली की मागचं वजन एकदम हलकं होईल. म्हणून वरचेवर काहीतरी विचारत राहिले. समुद्र आवडला का? "खारा हाय." मुलांची आठवण यायची? "पुढं बघ, बाई." तलवाड्याला चहा घेतला. चहावाल्यानं ग्लास आणि बिस्किटं एकदम पुढे केली. जिवानं ग्लास ओट्यावर ठेवला, मग बिस्कीट घेतलं. मी नजर वळवली, मग वाटलं वळवायला नको होती.

आज तो माझ्या पडवीत झोपला आहे. मी चूक तर करत नाही ना? सपनाच्या सासरचे काय म्हणतील? तुका काय म्हणेल? ज्या माणसाला मेलेलं राहायचं होतं त्याला मी ओढत आणतेय. माझं काय जाणार. मी लग्न जेवून परत येईन. दिवस त्या दोघांना काढायचे आहेत.

२२ फेब्रुवारी, शनिवार. सूर्यमाळ

मोखाडा, खोडाळा करत पाड्याच्या वर पोचलो. वळणावर जिवा म्हणाला, "थांब." थांबले. खाली गौराचं अंगण दिसत होतं. मांडव घातलेला, आणि मांडवाबाहेर पळसाच्या झाडाखाली माणसं गोलात बसलेली. मध्ये हंडा. पाणी सोडायची तयारी.

"चालू दे त्यांचा," जिवा म्हणाला. "आपुन परत जाव."

गाडी उतारावर होती. ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडीच्या आवाजानं सगळ्यांनी वर पाहिलं. तुकाच्या हातात तांब्या होता, तो तसाच राहिला. आधी म्हाताऱ्या बायकांनी ओळखलं. कोणी हसलं नाही. जिवा उतरला आणि बाही ओढून उभा राहिला, वर्गात उशिरा आलेल्या मुलासारखा. पंढरी उठून थेट घरामागे गेला. त्याचं रडणं ऐकू येत होतं.

गौरा उंबऱ्यात होती. ठसठशीत कुंकू लावलेलं, जरा जास्तच मोठं. म्हणजे तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं. बुधवारपासून तिला माहीत होतं आणि तिनं त्यांना हंडा भरू दिला, पळसाखाली बसू दिलं, कुंकू पुसायला जमू दिलं.

ती चालत आली. जिवापुढे उभी राहिली. त्याची उजवी बाही धरून कोपरापर्यंत सरकवली आणि ते मनगट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं, बाजारात वांगं दाखवतात तसं.

"हा बघा," म्हणाली. "एवढाच गेलाय. बाकी सगला आलाय. कोनाला मोजायचा असल त्यानी आता मोजा, उद्या लगनात नको."

कोणी मोजलं नाही.

तुका घसा खाकरून म्हणाला, "गौरा, आता ह्या पान्याचा कय करू? त्याच्या नावानी काढलाय. परत हिरीत नाय टाकता येत."

उन्हाळ्याआधीच इथल्या विहिरींनी तळ गाठलाय. तो हंडा सपनानं पहाटे दरीतून आणलेला.

"त्याच्या नावाचा हाय ना?" गौरा म्हणाली. "मंग त्यालाच घाल. हळदीआधी आंघोळ लागते. मासळीचा वास येतो त्याला."

तेव्हा कुठं लोक हसले. मी घाबरून जिवाकडे पाहिलं, कारण मी शब्द दिला होता. तो सदऱ्याची बटणं काढत होता, डाव्या हातानं, आणि एक अडकलं ते गौरानं काढलं. तुकानं स्वतः तांब्यानं पाणी घातलं. पाण्याबरोबर म्हातारा काहीतरी पुटपुटत होता. जवळ गेले तर जिवाला शिव्या देत होता.

२३ फेब्रुवारी, रविवार

एका मांडवात दोन जोड्या. लग्न लावणारी धवलेरी बाई गात होती, तिचा आवाज बसलेला, तरी थांबेना. सपना आईकडे बघून लाजली, आई लेकीकडे बघून नाही. हातात हात द्यायची वेळ आली तेव्हा जिवानं चटकन डावा पुढे केला. धवलेरी गाता गाता अडली, तिनं गौराकडे पाहिलं. गौरा म्हणाली, "हाय तो चालल. गाय तू."

नितीनच्या आईनं माझ्याजवळ वाकून विचारलं, "व्याही काम काय करतात?"

"लहान मुलं सांभाळतात," मी म्हटलं.

तिला ते कळलं नसावं, पण पुढे विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. जव्हार

परत आल्यापासून झोपून आहे. खांदे वर होत नाहीत. गाडी धुळीनं माखून दारात उभी आहे, तिच्याकडे बघायचंही मन नाही.

आज गौराचा फोन आला. इतरही बोलणं झालं, सपना बरी आहे, मांडव सोडला. जिवाशी बोलतेस का, मी विचारलं. नाही म्हणाली. लग्न झाल्यापासून एक शब्द नाही. राग दोन वर्षांचा आहे म्हणे, इतक्यात कसं बोलू?

"आज उजाडताना उठला," ती म्हणाली. "हंडा खांद्यावर घेतला नि गेला दरीत. पानी आनाया. बाप्यानी पानी आनलेला कुनी बघितला नाय हितं कधी. बायका वाटंत उभ्या ऱ्हायल्या. तो कुनाकडं बघं नाय. घरी येस्तोवर अर्धा सांडला."

"मग? काय म्हणालीस?"

"कय नाय." आतून भांड्याचा आवाज आला, आणि जिवा कोणाशी तरी, बहुधा कोंबड्यांशी, बोलत होता. गौरानं आवाज लहान केला.

"उद्या बोलेन," म्हणाली.